गोदाकाकींचं उसवलेलं पुस्तक

गोदाकाकी गेल्या, हे मला ठकूनं सांगितलं. दिवाळीनंतरच्या बोटीनं ती कराचीला आली. ती आमच्या महाडजवळच्या दासगावची, आणि तिचा नवराही आमच्या घरच्यांसारखाच इथं बंदरावर कामाला आहे. हातातलं गाठोडं खाली ठेवायच्या आधी ती दारातच म्हणाली, "काकी गेल्या गो. घट बसले त्या दिवशी ताप चढला, तो उतरलाच नाय." मी भिंतीला टेकून खाली बसले. ती आत आली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुझ्याकडं कितवा फर्मा हाय?" परक्या माणसाला हे निर्दय वाटेल. मला तिचा राग आला नाही... काकींच्या मागं आम्ही बायकांनी एकमेकींना पहिल्यांदा हेच विचारायचं होतं.

माझी शाळा तिसरीत सुटली. माहेर पोलादपूरच्या वर डोंगरात, सासर महाडला, आणि आता संसार इथं, जिथं पाण्याची चवही निराळी आहे. चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी मी दहादा खोडते, आणि इथं तर मी छापायला लिहिते आहे. काही चुकलं तर वाचक भगिनींनी सांभाळून घ्यावं. पण हे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, कारण काकी गेल्या तेव्हा त्यांचं एक पुस्तक उसवलेलं होतं, आणि ते अजून जमलेलं नाही.

काकींचे यजमान महाडला पुस्तकं बांधायचं काम करीत. कचेरीची दप्तरं, शाळेची पुस्तकं, कुणाच्या घरच्या जुन्या पोथ्या. ते वारल्यावर सुई, दोरा आणि पुठ्ठे चिकटवायच्या खळीचं भांडं काकींनी हातात घेतलं. त्यांच्या खोलीत शिरलं की खळीचा आंबूस वास यायचा. पहिल्यांदा गेले ती सासूबाईंची पोथी आणायला. काकी पोथीचा पुठ्ठा दाबून बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाचता येतं का गं?" मी म्हटलं, "मोडकं तोडकं." "मग हे ने. यातही फार धड काही नाही," म्हणत त्यांनी माझ्या हातात सुटी पानं ठेवली. छापखान्यात मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं, पुस्तक झाडाच्या फळासारखं अख्खंच येतं.

फर्मे सुटे का, त्याचीही गोष्ट आहे. एका वर्षी सावित्री नदीचं पाणी बाजारात चढलं आणि काकींच्या खोलीतली पुस्तकांची पेटी बुडाली. दोन दिवसांनी उघडली तेव्हा आत नुसता लगदा. काकी रडल्या नाहीत म्हणतात, पण त्यानंतर घरात आलेलं प्रत्येक नवं पुस्तक त्या पहिल्यांदा उसवत आणि फर्म्यांच्या घडीला आपल्या मापाची भोकं पाडून ठेवत. पुठ्ठा पेटीत, आणि फर्मे बायकांच्या घरी... एक महाडात, एक दासगावला, एक वर पोलादपूरच्या वाटेला. "नदी आली तर येऊ दे," म्हणायच्या, "किती जणींच्या घरात शिरेल?" सगळ्यांचं वाचून झालं की फर्मे परत यायचे, काकी पुस्तक पुन्हा शिवायच्या आणि पेटीत ठेवायच्या, ती पेटीही आता माळ्यावर गेली होती. एका पुस्तकावर एका वेळी डझनभर बायका वाचायच्या. कुणाकडे काय आहे ते त्या कुठंही लिहून ठेवीत नसत. सगळं तोंडपाठ. आज आमची सगळी अडचण त्यामुळेच झाली आहे, पण तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी फर्मे बदलायचे. नियम एकच, आपल्या फर्म्यात काय झालं ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय दुसरा मिळायचा नाही. 'आवडलं' एवढं म्हटलेलं काकींना चालत नसे. "आवडायला काय, आंबापोळीसुद्धा आवडते. कुठं आवडलं ते बोल." पहिल्या खेपेला मी नुसती फर्म्याची पानं उलटीत बसले. शेजारी मास्तरीणबाई बसलेल्या, त्यांचं सगळं शुद्ध. काकी थांबून राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "मला भीती वाटली." "कशाची?" "ती यात फारच हसतेय... पुढं काहीतरी होणार तिचं." काकींनी हातातली सुई खाली ठेवली आणि मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "बघितलंत? ही वाचते." माझी काळजी करायची खोड जन्माची आहे. आईनं तिच्यापायी मला बोल लावले, सासूबाईंनी लावले. त्या दुपारी ती पहिल्यांदा माझ्या कामी आली. हे उपकार मी कसे विसरू...

आणि ते सुतक. आज ठकू आणि मी ते आठवून हसतो, तेव्हा मात्र माझा जीव जायची वेळ आली होती. ठकूला धीर कधीच नव्हता. एका कादंबरीतला फार पुढचा फर्मा तिच्या हाती आधी पडला, आणि बाजाराच्या दिवसापर्यंत ते तिच्या पोटात राहीना. महाडात मामाकडे आली होती, तशीच धावत आमच्या मागल्या दारी आली. "शांता गेली गो! तान्ही पोर टाकून गेली!" मी ओल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागले. ओटीवरून सासूबाईंनी ऐकलं. "कोण शांता?" मी हुंदके देत म्हटलं, "काकींकडची." सासूबाईंनी आणखी काही विचारलं नाही. स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं, मलाही घ्यायला लावलं, आणि ओल्या केसांनी तडक काकींकडे समाचाराला गेल्या. काकी खळ ढवळीत बसलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "फार वाईट झालं. पोरीला आता कोण बघनार?" काकींना क्षणभर उमगेना. मग म्हणाल्या, "अहो वहिनी, ती पुस्तकातली."

"पुस्तकातली?"

"हो. खरी कुणी नव्हे."

"मग या थंडीत मला आंघोळ कशापायी घातलीत?"

घरी येऊन त्यांनी मला काकींची पायरी बंद केली. पुढच्या बाजाराला मी दारात उभी राहून एकेकीला जाताना बघितलं. माझ्याकडचा फर्मा तांदळाच्या डब्याखाली होता, आणि माझ्या एकटीपायी पुढच्या साऱ्याजणी अडकून पडणार म्हणून मला अन्न गोड लागेना. मग काकी स्वतःच आल्या. त्या दुसऱ्याच्या घरी सहसा जात नसत. ओटीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, सूनबाईकडे माझा एक फर्मा आहे."

"घेऊन जावा."

"नेते. पण आमचा नियम आहे, वाचलेलं सांगायचं. तिला तिथं येता येत नसेल तर इथंच सांगू दे. तुम्ही ऐका, मी ऐकते."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मी खांबाशी उभी राहून सांगितलं. मध्येच सासूबाई म्हणाल्या, "ही बाई लय रडते. तिचा दीर काय म्हनला ते सांग." काकी जायला उठल्या तेव्हा सासूबाईंनी ठराव सांगितला, "चोरून वाचतात त्ये वाईट. वाचायचं तर मोठ्यानं, माझ्या कानावर पडंल असं." पुढं तीन वर्षं मी त्या घरात सगळं मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी कुणालाही माफ केलं नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा. पण बाजाराच्या सकाळी त्याच म्हणायच्या, "जा ना, दुपार सरल्यावर चांगले फर्मे उरनार हायत का?"

यांची नोकरी इथं लागली आणि मला निघावं लागलं. दासगावच्या बंदरावर लाँच लागली होती, चढायची घाई चालली होती, आणि काकी गर्दीतून वाट काढत आल्या. मला वाटलं ओटी भरायला कुणाला तरी घेऊन आल्या असतील. तर म्हणाल्या, "तिथं गेल्यावर कुणाला तरी सांगत जा. नुसतं वाचून पोटात ठेवू नकोस, तुला बाधतं." त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर, कुणी नसेल तर टपालानं, मला फर्मे येत राहिले. इथं पहिली दोन वर्षं मला माणसांची बोली कळत नव्हती. वाळू उडायची, दार लावून बसायचं. उशीर झाला की मी धास्तावून जायची... काकी विसरल्या तर? वाटेत हरवला तर? माझ्यामागं जिची पाळी आहे तिला वाटेल मीच ठेवून घेतला. काकी विसरल्या नाहीत. एकदाही नाही.

शेवटचा फर्मा श्रावणात आला. त्यात सरस्वती नावाची बाई सासर सोडून, पोरीला घेऊन खाडीच्या धक्क्यावर येते. फर्मा काही गोष्ट बघून संपत नाही, कागद संपला की संपतो. याचे शेवटचे शब्द आहेत, 'तिने पोरीचा हात घट्ट धरला आणि'. आणि काय ते पुढच्या फर्म्यात. तो यायच्या आत काकी गेल्या.

त्यांचा पुतण्या मुंबईहून दिवसकार्याला आला. तो वाईट माणूस नव्हे. खोली रिकामी करून द्यायची आहे, शिमग्याला तो परत येऊन कुलूप काढणार. पेटी उघडून त्यानं पुस्तकं बघितली, आणि पुठ्ठ्यात काहीच नसलेलं ते एक पुस्तकही बघितलं. बायका गेल्या तेव्हा तो म्हणाला, "हे काय वाचनालय म्हणायचं? पानंच नाहीत."

ठकू म्हणाली, "पानं हायत. आमच्याकडं हायत."

"कुणाकडे कुठलं?"

कुणालाच सांगता येईना. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांचा तर दहावा होता.

"असं करा," तो म्हणाला, "शिमग्याच्या आत हे एक पुस्तक पुरं करून आणा. आणलंत तर पेटी तुमची, मास्तरांच्या घरी ठेवा. नाहीतर वाण्याला देतो, पुड्या तरी बांधील." मला त्याला दोष देता येत नाही. बाहेरच्याला ती फाटकी पानंच दिसणार. पण त्या पेटीत आम्ही सगळ्याजणी आहोत, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगावं?

तेव्हापासून शोध चालू आहे. मास्तरीणबाईंनी घरोघर हिंडून फर्मे गोळा केले, पोलादपूरच्या बाजूला माझा भाऊ गेला. एक सोडून सगळे मिळाले, आणि जो मिळत नाही तो नेमका माझ्या पुढचा. एकीच्या घरी न्हाणीत बंब पेटवायला काही कागद गेले म्हणतात, ती शपथेवर नाही म्हणते. मी माझी ट्रंक पुन्हा पुन्हा उपसली. माझ्याकडे तो आलाच नव्हता हे ठाऊक असून उपसली. एखाद्या भगिनीच्या घरी धक्क्यापासून सुरू होणारी ती पानं असतील, तर त्यांनी महाडला मास्तरीणबाईंकडे जरूर पोचवावीत. मागायला संकोच वाटतो, पण आता संकोचाची वेळ नाही.

मध्यंतरी एक विचार आला. फर्मा हरवण्याआधी तो तिघींनी तरी वाचला होता, आणि नियमाप्रमाणे त्यांनी तो सांगितलाही असणार. मग आठवतो तो लिहून काढला तर? मी कळवलं, आणि मास्तरीणबाईंनी स्वतःचं आणि दुसऱ्या एकीचं लिहून पाठवलं. मास्तरीणबाईंच्या मते पोरीला ताप आल्यानं सरस्वती धक्क्यावरून मागं फिरली. दुसरीच्या मते ती तेव्हाच होडीत बसली आणि तिनं वळूनही बघितलं नाही. तिसरी ठकू. ती माझ्या चुलीपुढं बसून म्हणाली, "मागं फिरली कसली! ती होडीवाल्या तांडेलाशी भांडली. तो म्हनतो, एकट्या बाईला नेनार नाय. तर ही त्याला असं बोलली गो, असं बोलली..."

"मग बसली का होडीत?"

"ते ध्यानात नाय. भांडान ध्यानात हाय."

त्याच्याही पुढच्या फर्म्यात सरस्वती एकदम आपल्या आजोळी दिसते, असं मास्तरीणबाईंनी कळवलंय. कधी, कशी पोचली, त्याचा पत्ता नाही. म्हणजे तिघींपैकी कुणालाच खोटं ठरवता येत नाही. हे म्हणाले, "हातानं लिहिलेलं घातलंत तर पुतण्या लबाडी म्हणेल." म्हणेल कदाचित. याच काळजीनं मी आठवडा काढला. मग ठरवलं, लपवायचं काहीच नाही. तिन्ही घालायची. कुणी काय वाचलं ते तिच्या नावासकट लिहायचं. काकी असत्या तर त्यांनी तिघींना समोरासमोर बसवून दुपारभर भांडू दिलं असतं, आणि एकीचंही खोडलं नसतं.

उद्याच्या बोटीनं ठकूचा दीर गावी जातो आहे. कोरे कागद घडी घालून, तिघींचं त्यावर नीट उतरवून, आज दुपारी मी ते माझ्या फर्म्याला शिवायला घेतलं. शिवायचं मला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. सुई कुठं घालावी ते कळेना. तेव्हा काकींनी पाठवलेला तो फर्मा मी नव्या कागदांवर ठेवला. त्याच्या घडीवर त्यांनी कधीकाळी पाडलेली बारीक भोकं होती. त्याच भोकांतून मी सुई खाली दाबली, एकेक करून, आणि नव्या कागदावर त्यांचंच माप उतरत गेलं.