नावेत पडलेले सूपभर जोंधळे

बनुबाईच्या तव्यावर तिसरी भाकरी नुकती फुगायला लागली होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. अंबी आळीत, म्हणजे नावाड्यांच्या वस्तीत, सकाळच्या पारी कुणी कडी वाजवत नाही. ज्याला यायचं तो "हायेत का घरात?" म्हणत थेट चुलीपर्यंत येतो आणि बोलता बोलता चटणीची चव घेऊन जातो. कडी वाजली म्हणजे आलेला माणूस आपला नव्हे, एवढं बनुबाईनं बसल्या जागी ओळखलं.

"बघा की उठून," ती नवऱ्याला म्हणाली.

नाथाजी भिंतीला टेकून चहा पीत होता. बारा वर्षांपूर्वी लकवा मारलेला डावा हात मांडीवर ठेवलेला, उजव्या हातात बशी. "सरपंच आसंल मत मागायला," तो म्हणाला. "मी उठून जाईस्तवर त्यो पडंल बी."

बनुबाई हसत हसतच पदराला हात पुसत दाराशी गेली. बाहेर हेल्मेट काखेत धरलेला, किरकोळ अंगाचा माणूस उभा होता. तो कोर्टाचा बेलीफ होता. "बनुबाई नाथाजी अंबी तुम्हीच ना? इथं अंगठा द्या."

"मी सही करती. सातवी झालीया माझी," बनुबाईनं सांगितलं आणि सावकाश, एकेक अक्षर ठसवत सही केली. पण कागदावरची भाषा काही सातवीत शिकवलेली नव्हती. "दादा, येवढं वाचून सांगा. च्या टाकते."

बेलीफ म्हणाला, त्याचं काम नोटीस द्यायचं, वाचायचं नव्हे. तरी तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं वाचून दाखवलं. नावेच्या लिलावाचा दावा चालू असताना, कुणीही मोबदला घेऊन नाव चालवायची नाही असा कोर्टाचा हुकूम असताना, बनुबाईनं नाव चालवली आणि मोबदला घेतला. त्याचा व्हिडिओ कोर्टात दिला आहे. गुरुवारी अकरा वाजता हजर राहायचं.

"कसला मोबदला?"

बेलीफानं ती ओळ आधी मनात वाचली, मग मोठ्यानं. "सूपभर जोंधळे."

घरात करपल्याचा वास सुटला होता. भाकरी काळी झाली तरी तिच्याकडं नवरा-बायकोपैकी कुणाचं लक्ष गेलं नाही.

बोरडोह हे कृष्णाकाठचं गाव. निम्म्या गावाचा ऊस नदीच्या पल्याड. मधला बंधारा पावसाळ्यात चार महिने पाण्याखाली असतो आणि पुलावरून जायचं तर एकोणीस किलोमीटरचा वळसा पडतो. त्यामुळं भांगलणीला, तण काढायला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, सगळं अंब्याच्या नावेतून जायचं. बनुबाईचं माहेर वर, वाईकडं. तिथं उन्हाळ्यात कृष्णा दगडांवर पाय देत ओलांडता यायची. लग्न होऊन इथं आली तेव्हा पात्र बघून ती सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, हे पानी आमच्याकडनंच आलंय, पर हितं येऊन लय माजलंय."

नाथाजीला लकवा झाला तो आषाढात. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावर पोरं दप्तरं घेऊन उभी होती. बनुबाईनं नवऱ्याला पेज भरवली, कासोटा मारला आणि नाव रेटायचा कळक हातात घेतला. घाटावर लालासाहेब होते, पल्याड आठ एकर ऊस असलेले, चांगले आडव्या अंगाचे. ते म्हणाले, "बायामाणसाच्या हाती नाव? आज बुडतोय गड्या आपण."

"लालासाहेब," बनुबाई म्हणाली, "तुमी बुडायला लागंल येवढं पानी न्हाई कृष्णेत. बसा गप मदी."

नाव हसण्यानं हलली आणि पार झाली. त्या दिवसापासून बारा वर्षं तीच नाव चालवत होती. लेक माया लोणंदला कंपनीत लागली, तिचं लग्न झालं, ते सगळं ह्या नावेवर. गावातली माणसं दर खेपेला पैसे देत नसत. सुगीला घरटी पायली-दोन पायली जोंधळे, म्हणजे बैतं, अंब्याच्या घरी पोचायचं. पाव्हणारावळा दहा रुपये द्यायचा.

नावेचा हक्क मात्र सरकारी. दर तीन वर्षांनी तालुक्याच्या पंचायतीत लिलाव व्हायचा. लिलाव म्हणजे काय, तर पिंपळाच्या पारावर अंब्यानं जाऊन बसायचं, कारकुनानं बाहेर येऊन पुकारा करायचा, अंब्यानं आकडा सांगायचा, कारकुनानं एक-दोन-तीन म्हणायचं. अंब्यावर बोली चढवायची नाही, ही नदीकाठची रीत.

गेल्या वर्षी बनुबाई मायाच्या लग्नातलं लुगडं नेसून सकाळी नवालाच पारावर जाऊन बसली. बरोबर अनामतीचे पैसे होते. दहा वाजले, बारा वाजले. दीड वाजता कारकून डबा खायला बाहेर आला.

"मावशी, कशाला बसलाय?"

"लिलावाला."

"तो झाला की. अकरालाच मिटला. आता काँप्युटरवर असतो."

बनुबाईनं पाराकडं, कचेरीकडं, परत कारकुनाकडं बघितलं. "झाला म्हंजी? मी हितंच हाय. मला कुणाचा आवाज सुदिक आला न्हाई."

बोली वीरधवलनं जिंकली होती. तालुक्यात हायवेला त्याचं हॉटेल, घरच्यांचा ट्रकांचा धंदा. त्याला नदीत फायबरच्या रंगीत बोटी फिरवायच्या होत्या, शहरातली माणसं आणायची होती. नोटीस वेबसाइटवर लागली होती म्हणे. गावात चिठोरंही चिकटवलेलं नव्हतं. उदयसिंह वकील हायस्कूलात असताना बनुबाईच्याच नावेतून गेलेला, तो म्हणाला, "मावशी, फी नको. हे चालू द्यायचं नाही." दावा दाखल झाला आणि कोर्टानं निकालापर्यंत दोघांचेही हात बांधले. पैसा-अडका, धान्य, काहीही घेऊन नाव चालवायची नाही. वीरधवलच्या बोटी ताडपत्रीखाली गेल्या. बनुबाईची नाव घाटाला बांधली गेली.

आठ महिने झाले. वीरधवलचं हॉटेल चालूच होतं. बनुबाई लोकांच्या उसात भांगलायला जाऊ लागली. आडल्यानडल्याला, आजाऱ्याला ती फुकट पार करायची. त्याला कायद्याची ना नव्हती. पण सुगीत बैतं आलं नाही. दारापर्यंत पोती घेऊन आलेल्यांना तिनं स्वतः हात जोडून परत लावलं. नाथाजी त्या दिवशी जेवला नाही.

मग श्रावणात सुलाबाई गेली.

सुलाबाई म्हणजे लालासाहेबांची आई. नव्वदीची, पल्याड मळ्यातच राहायची. दर एकादशीला देवाला अलीकडं यायची आणि नावेत बसून बनुबाईला गावभरच्या सुनांची उणीदुणी सांगायची, स्वतःच्या सुनेपासून सुरुवात करून. बंधारा पाण्याखाली होता आणि मळ्याकडची वाट चिखलानं बंद. दिवस डोक्यावर आला तेव्हा पल्याडनं हाक आली, "नाव हाऽऽऽ."

"लालासाहेबाचा आवाज हाय," नाथाजी म्हणाला. मग थोड्या वेळानं, "बया, म्हातारी गेली वाटतं."

बनुबाई निघाली. फुकट न्यायला अडचण नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पल्याड लागल्यावर चौघांनी तिरडी नावेत ठेवली. बनुबाईनं कळक रोवला, आणि भरल्या पाण्यातून सुलाबाईला अलीकडच्या मसणवट्यापाशी आणलं. येताना लालासाहेब आईच्या पायाशी बसले होते. मधे एकदाच म्हणाले, "आज कुणाचं गाऱ्हाणं न्हाई सांगत ही."

नाव काठाला टेकली आणि लालासाहेबांच्या बायकोनं सूप पुढं केलं.

मयत नावेतून नेलं, की घरच्यांनी सूपभर जोंधळे नावेत ओतायचे. अंबिणीनं ते पदरात भरून घ्यायचे आणि त्याच दिवशी दळून भाकरी करायची, अंब्याच्या घरानं ती खायची. ती खाल्ली म्हणजे मेलेल्याचा उतार पुरा झाला. नाही खाल्ली, तर तो जीव काठावरच घुटमळतो, ना अलीकडं ना पल्याड. बोरडोहात कुणी हे कुणाला समजावून सांगत नाही. सगळ्यांना ते येतंच.

सूप बघून बनुबाईनं पदर आवळून धरला. "लालासाहेब," ती हळू म्हणाली, "कोर्टाचं हाय ओ..."

"आईचं हाय, बनुबाई," ते म्हणाले.

तिनं पदर पसरला. घाटावर कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं. तिला वाटलं, म्हातारीची शेवटची यात्रा घेतोय कुणी.

गुरुवारी कोर्टाबाहेर चहाच्या टपरीमागं उदयसिंहनं तिला बाजूला घेतलं. नाथाजी काठी टेकत मागोमाग आला.

"मावशी, नीट ऐका," उदयसिंह म्हणाला. "जोंधळे पदरात घेतले, इथवर व्हिडिओ आहे. पुढं काही नाही. तुम्ही म्हणायचं, ते मी नंतर नदीला वाहिले. मग तो मोबदला होत नाही, धर्मकार्य होतं. मी पुढचं बघतो."

"पर मी वाहिलं न्हाईत."

"कुणाला माहितीये?"

"मला हाय. ह्यास्नी हाय. येक भाकरी जास्त खाल्ली ह्यांनी."

"मावशी, चेष्टा नाही. खाल्ले म्हणालात तर नाव जप्त होईल. आणि मूळ दाव्यात सुद्धा ते म्हणणार, ही बाई कोर्टाचं ऐकत नाही. नावेचा हक्क कायमचा जाईल."

नाथाजी बायकोच्या अगदी जवळ आला. "म्हण गं," तो म्हणाला. "सुलाबाई काय साक्षीला येत न्हाई. म्हण, वाहिलं. माझ्या आज्ज्यापासनं नाव हाय. माझ्यासाठनं म्हण." लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत त्यानं तिच्याकडं असं काही मागितलं नव्हतं. अंथरुणाला खिळला होता तेव्हाही नाही.

बनुबाईनं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ होय की नाही, ते त्या दोघांना कळलं नाही, आणि खरं तर तिलाही कळलेलं नव्हतं.

आत बाकावर लालासाहेब बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डोईवरचे केस अजून नीट उगवलेही नव्हते. बनुबाई शेजारून जाताना ते खाली बघत म्हणाले, "तुमाला सोयीचं आसंल ते सांगा. माझं काय म्हननं न्हाई." त्यांच्या हातात टोपी होती आणि ती ते सारखी पिळत होते.

बनुबाई पुढं उभी राहिली. न्यायाधीश बाई होत्या, मायापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी व्हिडिओ बघितला होता.

"हे जोंधळे तुम्ही घेतले?"

"घेतलं, म्याडम."

"त्याचं पुढं काय केलं?"

पंखा घरघरत होता. उदयसिंहनं ओठांवर बोट ठेवल्यासारखं केलं. नाथाजी दाराला धरून उभा होता. बनुबाईला पाठीमागं टोपी पिळल्याची सळसळ ऐकू आल्यासारखी वाटली. ती म्हणाली, "दळलं. भाकरी केली. त्या दिशी तीन थापल्या. दोन ह्यांनी खाल्ल्या, येक मी. मयताचं आसतंय, म्याडम, खावं लागतंय."

वीरधवलच्या वकिलानं हातातले प्रश्नांचे कागद मिटून ठेवले. त्याला आता काही विचारायचंच नव्हतं. उदयसिंह उठला. रूढी म्हणाला, परंपरा म्हणाला, अडाणी बाई म्हणाला. बनुबाईला मधेच वाटलं, आपली सातवी झाल्याचं सांगावं.

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग वाचलं. हुकूम मोडला आहे. हेतू वाईट दिसत नाही, तरी मोडला आहे. नाव जप्त. पंचायतीच्या आवारात ठेवायची. पुढची तारीख दिवाळीनंतरची.

"आवारात कुटं?" नाथाजीनं दारातूनच विचारलं. शिपायानं त्याला गप्प केलं. पण पंचायतीच्या माणसानं सांगून टाकलं, वाळूचे धरलेले ट्रॅक्टर उभे असतात तिथं, मोकळ्यावर.

दिवाळीनंतर म्हणजे अडीच महिने. मधे सगळी आश्विनातली उन्हं. बनुबाईच्या डोळ्यांसमोर ती नाव आली, पोट वर करून तापल्या मुरमावर पडलेली. पाण्यातली लाकडी नाव कोरडी पडली, की पंधरा दिवसांत फळ्या आकसतात. सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडतात. मग डांबर भरा नाहीतर काही भरा, ती पुन्हा पाण्यावर टिकत नाही. दावा जिंकला तरी हातात यायची ती सरपणाची नाव. मागं वळून बघायचं तिला धाडस झालं नाही. नाथाजीनंही हाच हिशेब केला असणार, तिच्या आधीच.

"आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. पुढच्या दाव्याची फाइल त्यांच्या हातात आली होती.

उदयसिंह काही बोलायच्या आत बनुबाई एक पाऊल पुढं झाली.

"नाव न्या, म्याडम. मी न्हाई म्हनत न्हाई. फकस्त रोज सकाळी दोन घागरी पानी घिऊन मला त्या आवारात येऊ द्या. नावंवर वतीन आन् जाईन. कुणाला न्हेनार न्हाई, कुणाकडनं काय घेनार न्हाई. येवढीच परवानगी द्या."