दार लावून केलेला रियाज

“मॅडम, इथंच बसा आणि वाजवून दाखवा,” नांदेडचे न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले.

इथंच म्हणजे त्यांच्या तपासणीच्या खोलीत, फरशीवर. मी म्हटलं, लोक चपला घालून फिरतात तिथं आम्ही वाद्य उघडत नाही. डॉक्टरांनी मुकाट्यानं आपले बूट काढले, नर्सबाईंनाही काढायला लावले आणि एक धुतलेली चादर खाली अंथरली. मी मांडी घातली, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि साधी सरळ तान घेतली. डाव्या हाताची अनामिका तळव्यात दुमडली आणि जाताना मधल्या बोटालाही ओढून घेऊन गेली. सूर फाटला.

“आता वाद्य खाली ठेवा. तीच बोटं नुसती हलवा.”

बोटं शहाण्या मुलीसारखी हलली.

“फोकल डिस्टोनिया,” डॉक्टर म्हणाले. “हातात दोष न्हाई मॅडम. हाताला हुकूम देणारं मेंदूतलं खातं गोंधळलंय.”

फोकल म्हणजे शरीराच्या एकाच भागापुरता. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपल्या मनाविरुद्ध आखडणं. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं केली की काही जणांच्या मेंदूत शेजारशेजारच्या बोटांच्या हद्दी पुसट होतात. एकाला हाक मारावी तर दुसरंही उठून येतं. दुखत काही नाही. भाकरी थापताना होत नाही, वेणी घालताना होत नाही. फक्त वाजवताना होतं.

म्हणूनच त्याआधीचे माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते. मानेचा एमआरआय नॉर्मल. एनसीव्ही, म्हणजे नसांमधून विजेचा झटका नीट जातो का ते बघणारी तपासणी, तीही नॉर्मल. तो कागद हातात घेऊन मी लातूरच्या एका दवाखान्याच्या बाकावर रडत होते. शेजारची बाई पाठीवर हात फिरवत म्हणाली, “रडू नका ताई, आजकाल समद्यावर औषध निघालंय.” तिला कसं सांगू, की काहीच निघालं नाही म्हणून रडतेय!

मी मूळची मुखेडची. वडील शाळामास्तर, भजनाला पेटी धरायचे. नांदेडला गुरुजींकडे व्हायोलिन शिकले आणि लग्न होऊन लातूरला आले. यजमान कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, पुढं क्लासेसमध्ये. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, मग मीही सरच म्हणते. मैफिली पुण्याला झाल्या, कोलकात्याला झाल्या, परदेशातही झाल्या. नाव झालं ते द्रुत तानांमुळे. माझ्या बोटांत वीज आहे, असं वर्तमानपत्रं लिहायची आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

गुरुजींचा एक दंडक होता. “सूर सरळ झाल्याबिगर दार उघडायचं न्हाई, बेटा.” बिघडलेला सूर दुसऱ्याच्या कानावर घालणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. मी तो दंडक उभा जन्म पाळला. रियाजाच्या खोलीचं दार बंद. सर बाहेर स्टुलावर चहा ठेवायचे आणि पाय न वाजवता निघून जायचे.

एकदाच तो दंडक मोडला, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर. लातुरातही छपराखाली जायला कुणी धजत नव्हतं. आमची अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात राहायला आली होती. दार नव्हतंच, तर लावणार काय? जमीन जरा हलली की गज तारेवरून घसरायचा. मी लाजून थांबले, तर किल्लारीकडून माणसं गमावून आलेली एक बाई म्हणाली, “थांबू नका वो. वाजत असलं की लेकरं निजतेत.” पुढं घरात परतलो आणि दारही परत लागलं.

अनामिका पहिल्यांदा अडखळली ती अशाच बंद खोलीत. दुसरं कुणी असतं तर हाताला विश्रांती दिली असती. आम्हा लोकांना एकच औषध ठाऊक, रियाज. मी तो दुप्पट केला. अडणारी तान घोटून घोटून घेतली. बोट जास्तच वळायला लागलं, तशी मी आणखी घोटली. मैफिली तापाचं निमित्त सांगून टाळल्या. सरांनाही कळू दिलं नाही.

एका सकाळी दाराबाहेरून त्यांचा आवाज आला. “अगं, माझी अख्खी बॅच पास होऊन मेडिकलला गेली. तुझी एक तान काय पास होईना!” नेहमीची थट्टाच होती ती. मी दार उघडलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

“चुकीची वाट रोज तुडवून तुम्हीच पक्की केली,” डॉक्टरांनी नंतर समजावलं. उपचार म्हणून बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन दिलं. आखडणारा स्नायू त्यानं काही महिने सैल पडतो. सुई बरोबर स्नायूत आहे का, ते यंत्रातून येणाऱ्या खरखरीवरून ओळखतात. माझ्या अनामिकेचा तो आवाज मी कान देऊन ऐकला. चांगलाच बेसूर होता. हेच औषध सुरकुत्यांवरही देतात, हे कळल्यावर सर म्हणाले, “थोडं कपाळावर बी मारून घे.”

“तान परत येईल का?” मी विचारलं.

“खोटं बोलणार न्हाई मॅडम. सांगता येत न्हाई. एकेक बोट, एकेक सूर, अगदी हळू, नव्यानं शिकायचं. आणि एकटीनं दार लावून अजिबात न्हाई. तुम्ही परत घोटत बसाल.”

मी गुरुजींचा दंडक सांगितला. डॉक्टर हसले. ते जळकोटचे. बारावीला लातुरात आमच्याच मागच्या गल्लीत, एका होस्टेलवर राहायचे. “दार तुम्ही लावायच्या, खिडकी कुठं लावायच्या? आम्हाला समदं ऐकू यायचं. एकच जागा तुम्ही परत परत घ्यायच्या, परत चुकायच्या. आम्ही पोरं म्हणायचो, एवढ्या मोठ्या मॅडमला जमंना, मग आपल्याला फिजिक्स जमंना तर काय बिघडलं? त्याच्यावर वर्ष काढलं आम्ही.”

जन्मभर लपवलेलं ते सगळं कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं.

ज्यांचे हात असं काही करायला लागलेत, त्यांना एवढंच सांगते. लपवू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना वाद्य घेऊन जा. नुसता हात दाखवून हा आजार सापडत नाही.

माझी तान परत आलेली नाही. येईल असं आता वाटतही नाही. त्याचं दुःख होतं, रोज होतं. पण तर्जनीनं एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत घेतलेली संथ मींड येते. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला गुरुजींच्या तसबिरीला हार घातला, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि रियाजाच्या खोलीचं दार उघडं टाकलं. सर चहा घेऊन आले. सवयीनं स्टुलाकडे वळले. मी म्हटलं, “आत या की.” ते उंबऱ्याशी जरा घुटमळले, मग भिंतीला टेकून बसले. मी भैरव सुरू केला. रिषभावर सूर तुटला. परत घेतला, परत तुटला. मी थांबले.

“थांबू नको,” सर म्हणाले. “मैदानात वाजवायचीस तेव्हा तुझा रियाज असा समोर बसून ऐकला होता. त्यानंतर आजच ऐकायलोय.”

चहा गार होऊ दिला आणि मी पुन्हा षड्जापासून सुरुवात केली.