एवढ्याशा देशाचा किनारा

डॅनिश भाषेच्या नव्या वर्गात मी आधी डेन्मार्कचा नकाशा लावते. देश एवढासा आहे, उंच डोंगर नाही, मोठी नदी नाही, कुठूनही निघालात तरी गाडीने तासाभरात समुद्र लागतो, एवढं सांगितलं की शिकणाऱ्यांचं दडपण जातं.

"म्हणजे सिंहगडाएवढंही काही नाही? मग रविवारी करतात काय?" एकाने विचारलं. वर्ग हसला.

मालतीबाई हसल्या नाहीत. साठी उलटल्यावर त्या ही भाषा शिकायला आल्या आहेत. त्यांचा मुलगा तिकडेच वारला. सून तिकडचीच, आणि तो गेल्यापासून दोघींमध्ये दुभाषा उरलेला नाही.

"मोठी नदी नाहीच का हो, मॅडम?" त्या म्हणाल्या. "मग त्याच्या अस्थी कुठे सोडल्या असतील?"

"समुद्रात, बहुतेक."

त्या उठून नकाशापाशी आल्या आणि किनाऱ्यावरून बोट फिरवू लागल्या. खाडी आली की बोट आत वळे, बेट आलं की त्याला पुरता वळसा घाली. देश लहान की मोठा हे आपण सहज सांगून टाकतो. ज्याला तिथे काही शोधायचं आहे, त्याला विचारत नाही.

"एवढासा म्हणालात," त्या म्हणाल्या, "किनारा तर संपतच नाही."

रंगांचा आणि आकड्यांचा धडा मी बाजूला ठेवला. सुनेला विचारता येईल असा प्रश्न, 'कुठल्या किनाऱ्यावर?', फळ्यावर डॅनिशमध्ये लिहिला आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतला. मालतीबाईंचं बोट अजून नकाशावरच होतं.