हादरा परतवणारा पाया

रेवदंड्याच्या दवाखान्यात दत्तात्रेय थळे यांच्या डोळ्यात थेंब घालून झाले होते, अंगावर हिरवा झगाही चढला होता. तरी डॉक्टर ऋतिका गुरव बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, आज ऑपरेशन करायला नको."

दत्तात्रेयांनी जन्मभर ट्रक चालवलेला. मोतीबिंदूमुळे वर्षभर घरी बसलेला तो माणूस आधीच वैतागला होता. "कशाला? काय झाला?" त्यांनी विचारलं. सोबत त्यांची मुलगी मृणाली होती. डॉक्टरांनी दोघांना आत नेलं आणि मृणालीला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. खाली एक छापील कागद ठेवला होता. त्यावरचं बारीक अक्षर थरथरत होतं, पाण्याखालच्या खड्यासारखं.

"मागे बर्फाचा कारखाना आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जीवनशेठनी नवा मोठा कंप्रेसर बसवला, तेव्हापासून हे असं. डोळ्याच्या आत काम करायचं म्हणजे केसाइतकी चूकही चालत नाही. दोनदा पेशंट टेबलावरून उठवून घरी पाठवले. आता पनवेलला जागा बघते आहे."

मृणालीने भिंतीला तळहात लावला. हादरा एका लयीत येत होता, न थांबता, न बदलता.

मृणाली अलिबागजवळच्या तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवायची. वय चौतीस. पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात वाढलेली. वडिलांनी मिठागर सोडून ट्रक घेतला तेव्हा ती शाळेत होती. खारजमीन इतकी मऊ, की बाबांचा ट्रक गावाच्या वेशीवर आला की आधी फळीवरची भांडी किणकिणायची आणि मग कितीतरी वेळाने हॉर्न ऐकू यायचा. हादरा जमिनीतून चालत घरापर्यंत कसा येतो, हे कोडं तिला तेव्हापासून पडलेलं. एम.टेक.ला तिने तोच विषय घेतला होता: एकाच मापाची, एकाच वस्तूची रचना पुन्हा पुन्हा मांडली, तर तिच्यातून लाट कशी जाते, आणि कधी जातच नाही. पुढे पीएच.डी.ला नाव घातलं, पण आईच्या आजारपणात ते मागे पडलं ते पडलंच.

त्या दिवशी बाबांना घरी सोडून ती पुन्हा रेवदंड्याला आली आणि थेट बर्फाच्या कारखान्यात शिरली.

मालक जीवन नाखवा मागच्या दारी, बंदरावर उभे राहून होड्यांना बर्फ भरून देत होते. तिचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, डॉक्टरीणबाई जाव्यात असं मला वाटतं का? माझ्या आईचे डोळे त्यांनीच केलेत. पण बर्फ नसला तर होड्यांनी आणलेली मासळी कुजेल. मग काय करू सांगा." मग त्यांनी भागोजीला हाक मारली. भागोजी हा आतल्या डोंगराकडच्या गावचा, गेली कित्येक वर्षं कारखान्यातली यंत्रं सांभाळणारा. जीवनशेठ म्हणाले, "ह्याने मशीनखाली जाड रबर घालून पाहिलं."

भागोजी ओशाळून हसला. "रबर घातलं, तर मशीन नाचाय लागली मॅडम. पाइपाचा सांधा सुटला, अमोनिया बाहेर. आम्ही सगळे नाकाला फडकं लावून बंदरावर पळालो. परत तो खेळ न्हाय करायचा."

त्याचं म्हणणं खरं होतं. नुसतं मऊ काहीतरी खाली घातलं तर हादरा जमिनीत कमी जातो, पण यंत्र स्वतःच हेलकावे खातं, आणि अमोनियाच्या पाइपांना हेलकावे सोसत नाहीत. मृणाली त्या दिवशी कंप्रेसरचा वेग वहीत टिपून परतली.

आठवड्याने ती आली तेव्हा तिच्या पिशवीत पडद्याच्या स्प्रिंगा होत्या आणि जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या. स्प्रिंग, गोळी, पुन्हा स्प्रिंग, पुन्हा गोळी, अशी लांब माळ तिने करून आणली होती. कारखान्यात स्टुलावर उभी राहून तिने ती खाली सोडली, आणि वरचं टोक हातात धरून हळूहळू खालीवर केलं. सगळ्या गोळ्या नाचू लागल्या, अगदी शेवटचीसुद्धा.

"आता बघा," ती म्हणाली आणि हात भराभर हलवू लागली. वरच्या एकदोन गोळ्या तेवढ्या थरथरल्या. खालच्या जागच्या जागी.

जीवनशेठ पुढे आले. त्यांनी स्वतः टोक धरून हलवून पाहिलं. भागोजीने तर शेवटच्या गोळीला बोट लावून पाहिलं.

"प्रत्येक गोळी थोडा हादरा मागे ढकलते," मृणालीने सांगितलं. "एकटीने फार होत नाही. पण सारख्या मापाच्या ओळीने असल्या, की ठरावीक वेगाचा हादरा आत शिरला तरी पुढे सरकत नाही, आल्या वाटेने परततो. तुमच्या मशीनचा वेग ठरलेला आहे. खाली काँक्रीटची जड लादी, मग रबर, मग पुन्हा लादी, पुन्हा रबर, असा पाया केला तर हेच होईल. आणि लाद्या जड असल्यामुळे मशीन नाचणार नाही."

"होईल म्हणजे नक्की होईल?" जीवनशेठनी विचारलं.

"हिशोब तरी तसं सांगतो."

कंप्रेसर बंद ठेवता येण्याची वेळ एकच होती. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बर्फाला कोणी विचारत नाही. त्या दोन महिन्यांत पाया उकरायचा ठरला. याच शांततेत डॉक्टरांनी दत्तात्रेयांचा डोळाही केला. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ते रोज कारखान्यात येऊन बसू लागले. लाद्या आणायला ट्रक त्यांचाच होता, आता तो पुतण्या चालवायचा. मृणाली भर पावसात, गुडघाभर खड्ड्यात उतरून प्रत्येक लादी सपाट बसली का, हे पाणसळ लावून तपासायची. भागोजी चेनपुलीने लादी खाली सोडायचा आणि ती हाताने इशारा करायची: जरा डावीकडे, अजून जरा.

ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या आणि कंप्रेसर सुरू झाला. दवाखान्यात डॉक्टर, जीवनशेठ आणि मृणाली सूक्ष्मदर्शकाभोवती उभे होते. आधी डॉक्टरांनी पाहिलं. त्या बाजूला झाल्या. मग मृणालीने डोळा लावला.

अक्षर थरथरत होतं. पूर्वीइतकंच नव्हे, थोडं जास्तच.

तिने बराच वेळ डोळा काढला नाही. मागे उभ्या असलेल्या माणसांना आता तोंड द्यायचं होतं. शेवटी ती वळली. "चूक माझ्या हिशोबात आहे. कुठे ते आज सांगता येणार नाही. पण शोधून काढीन."

जीवनशेठ तिच्यावर ओरडले नाहीत. ते नुसते कारखान्याकडे चालते झाले, आणि मृणालीला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. आता पुढच्या जूनपर्यंत पायाला हात लावता येणार नव्हता. पनवेलच्या जागेचं काय ठरवलं, हे डॉक्टरांना त्याआधीच तिथल्या जागामालकाला कळवायचं होतं.

घरी दत्तात्रेयांनी विचारलं, "आता काय करशील गो?"

"आधी त्यांची माफी मागते. मग काम."

ती दुसऱ्याच दिवशी जीवनशेठांकडे गेली. तिने माफी मागितली, आणि मागितली ती आणखी एक गोष्ट: मंगळवारी सकाळी ऑपरेशनं असतात, तेवढा वेळ कंप्रेसर बंद ठेवाल का? गोठलेला बर्फ तेवढ्यात काही वितळत नाही. भागोजीने मान हलवली, "जमंल शेठ. आदल्या रात्री जास्त जमवून ठेवू." जीवनशेठ म्हणाले, "एक वर्ष. त्यापुढे मला नाही परवडणार." डॉक्टरांनीही पनवेलच्या जागामालकाला थांबायला सांगितलं. आठवड्यातून एकच सकाळ मिळायची. चौल, कोर्लईची म्हातारी माणसं नंबर लावून ताटकळायची, पण दवाखाना टिकला.

ते वर्ष मृणालीने तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत काढलं. तास संपले की पायासाठी आणलेल्याच रबराचा उरलेला तुकडा ती वजनाखाली दाबून, यंत्राने हलवून पाहायची. सहकारी म्हणायचे, अहो, एवढा व्याप कशाला, स्प्रिंगवाल्या कंपनीला बोलवा. ती ऐकून घ्यायची. हळूहळू चूक हाताला लागली. रबर किती दबतं हे तिने रबर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातून घेतलं होतं, आणि ते माप सावकाश दाबून काढलेलं होतं. झपाट्याने दाबलं की तेच रबर कितीतरी ताठ होत होतं. पाण्यात हात अलगद घातला तर सहज आत जातो, त्याच पाण्यावर थाप मारली तर तळवा झोंबतो, तसंच काहीसं. रबर ताठ, म्हणून पाया अडवत होता ते हादरे कंप्रेसरच्या वेगापेक्षा वरचे. कंप्रेसरचा हादरा नेमका त्या हद्दीच्या जरा अलीकडे, बंद दाराच्या उंबरठ्यावर येऊन पडत होता, आणि तिथे तो अडण्याऐवजी फुगत होता.

उपाय सापडला तो साधा होता. लाद्या त्याच ठेवायच्या. अख्ख्या चादरीऐवजी रबराच्या पट्ट्या घालायच्या, मधे मोकळी जागा सोडून. आधार कमी म्हणून थर मऊ. पण किती मऊ, हे या वेळी तिने कागदावर ठरवलं नाही. पट्ट्या कापून, लहान लाद्यांवर मांडून, कंप्रेसरच्या वेगाने हलवून पाहिलं. एक पट्टी कापली, पाहिलं. दुसरी कापली, पाहिलं. सर्वांत खालची लादी हलेनाशी झाली, तेव्हाच ती थांबली.

जून आला. पुन्हा खड्डा, पुन्हा चेनपुली. पहिली लादी वर उचलताना भागोजी म्हणाला, "मॅडम, यंदा तरी मशीन शहाणी होईल का?"

"मशीन शहाणीच होती भागोजीभाऊ. यंदा मी जरा शहाणी झालेय."

ऑगस्टमध्ये होड्या निघाल्या. मृणाली आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी वाट बघत होत्या. अक्षर स्थिर होतं. बराच वेळ गेला, तेव्हा डॉक्टरांनी जीवनशेठांना फोन लावला. "शेठ, आम्ही थांबलोय. मशीन कधी सुरू करताय?"

पलीकडून आवाज आला, "सुरू होऊन तास झाला की, दवाखाना उघडायच्या आधीच."

डॉक्टरांनी पुन्हा डोळा लावला. मग मृणालीने. भिंतीला हात लावल्यावर अगदी बारीक गुणगुण जाणवत होती, पण अक्षर जागचं हलत नव्हतं. मृणाली स्टुलावर बसली आणि तिला एकदम जाणवलं, की वर्षभर आपले खांदे आखडलेले होते. डॉक्टरांनी तिच्यासमोर चहा ठेवला.

अजूनही कंप्रेसर सुरू होताना आणि बंद होताना त्याचा वेग मधल्या टप्प्यातून जातो, तेव्हा क्षणभर हादरा जाणवतोच. तो पाया सगळेच हादरे अडवत नाही, हे मृणाली न विचारता सांगते. म्हणून भागोजी मशीन सुरू किंवा बंद करण्याआधी दवाखान्यात फोन करतो आणि डॉक्टर तेवढा वेळ हात थांबवतात. पनवेलची जागा त्यांनी सोडून दिली. आता ऑपरेशनं आठवड्यातून चार दिवस होतात.

बातमी पसरली तशी माणसं मृणालीकडे येऊ लागली. नागावच्या एका गिरणीवाल्यालाही तसाच थरांचा पाया हवा होता. तिने गिरणी पाहिली आणि सांगितलं, "तुम्हाला एवढं काही नको. चार कोपऱ्यांना रबराचे ठोकळे घाला, काम होईल." तो जरा नाराज होऊन गेला. ठोकळ्यांनी काम झालं, तेव्हा नारळांची पिशवी घेऊन परत आला.

जीवनशेठ दुसरा कंप्रेसर घेताहेत. त्याच्या पायाचं काम त्यांनी न विचारता तिच्याच नावावर टाकलं आहे. आणि मृणालीने, इतक्या वर्षांनी, पीएच.डी.ला पुन्हा नाव घातलं आहे. विषय आहे भाराखालचं रबर आणि थरांचे पाये. फॉर्म भरून घरी आली तेव्हा दत्तात्रेय पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय.

"ह्या वेळी पुरं कर हां," ते म्हणाले.

"करते बाबा."

"सावकाश कर. मी हाय अजून." आणि त्यांनी पान उलटलं.