आठाच्या दोन

तिचं नाव विचारायचंही राहिलं, इतका मी हबकलो. मुरबाडच्या दुकानात स्वस्तातल्या गेमिंग कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी मी वाचत होतो. शेजारी धसई गावाकडची नऊवारीतली आजी बसली होती.

"येगळं ग्राफिक कार्ड नाय ना? प्रोसेसरमधल्यावरच चालवनार? मग सोळा जीबीची एक रॅम नको रे, आठाच्या दोन लाव. नांगराला एकच बैल जुंपशील काय?"

दुकानदाराने यादी बदलली. आजीने दुसरी रॅम भाताच्या रोपासारखी दोन बोटांत अलगद धरून मला दिली.

"आजी, तुम्ही गेम खेळता?"

"नातू पुन्याला ऱ्हातो. फोनवर 'बरी हायस ना' इचारतो न् ठेवतो. गेममदी मातर तासभर वरडतो, 'आजे, माझ्या मागंच ऱ्हा!'"