मीच फोन केला तरी सांगू नकोस

चहा आधी संपवा. मध्येच कोणाला ठसका लागला तर तेही माझ्याच नावावर जायचं. माझ्या नावावर आधीच एक फसवणुकीची तक्रार आहे. थट्टा नाही. बँकेत नोंदवलेली, रीतसर तक्रार. आणि ती नोंदवणारी बाई आत्ता या भिंतीपलीकडे तुमच्यासाठी भजी तळते आहे. म्हणून जरा हळू आवाजात सांगतो.

माझा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. कुलूप लावलं की ओढून पाहायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली, जन्मभर कॉलेजात शिकवलं, पण मी जे करतो ते बरोबरच करतो असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही. अशा माणसाला मुलाने, प्रशांतने, कॅनडाला बोलावलं. माझी बायको सुमन येणार नव्हती. तिचे गुडघे आणि विमानाची खुर्ची यांचं जमण्यासारखं नव्हतं. "तुमी जाऊन या. मी हाये इथं," म्हणाली.

निघण्यापूर्वी मी सुरक्षिततेचे दोन उपाय केले. तिथेच माती खाल्ली.

पहिला उपाय. परदेशात कार्डाची चोरी होते असं कुठेतरी वाचलं होतं. लगेच बँकेच्या साइटवर जाऊन कार्डाचा परदेशातला वापर बंद करून टाकला. कोण्या परदेशी माणसाने माझे पैसे उडवू नयेत म्हणून. आपण स्वतःच परदेशात चाललो आहोत, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. डॉक्टरेट आहे माझी, हे मघाशी सांगितलंच.

दुसरा उपाय. बँकेत नोंदवलेला नंबर ज्या फोनमध्ये, तो फोन प्रवासात हरवला तर? म्हणून तो सुमनकडेच ठेवला. प्रशांत तिकडे दुसरा देणार होता. आणि मग सुमनची उजळणी घेतली. रोज, जेवण झाल्यावर.

"ओटीपी आला तर कोणाला सांगायचा?"

"कोनालेच नाही."

"बँकेतून साहेबाचा फोन आला तर?"

"तरी नाही."

"प्रशांतने मागितला तर?"

"नाही."

"आणि मी मागितला तर?"

ती थांबली. "तुमाले तं सांगाच लागन ना."

"तिथेच चुकतेस. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. माझ्या आवाजात कोणी बोललं, रडलं, हातापाया पडलं, तरी सांगायचा नाही. फोन ठेवायचा, आणि फ्रिजवर चिकटवलाय त्या नंबरला तक्रार करायची."

"बरं बाप्पा. तुमी मरून राह्यले असान तरी नाही सांगत."

"तसं नव्हे, पण भावना तीच."

झालं. मी निश्चिंत मनाने विमानात बसलो. निश्चिंत म्हणजे पासपोर्ट खिशात आहे की नाही हे पाहत पाहत.

आता तिथलं सांगतो. मुलगा-सून एक नंबर. मला वेगळी खोली. बटण दाबलं की पाय वर उचलणारी खुर्ची. कुठल्या लांबच्या दुकानातून प्रशांत ज्वारीचं पीठ घेऊन यायचा. तक्रारीला जागाच नाही. आणि तरी, खरं सांगू का, मला करमत नव्हतं.

इकडे सकाळी सुमन स्वयंपाकघरात एकटीच बोलत असते. कुकरशी, मांजराशी, दूधवाल्याशी, माझ्याशी. नेमकी कोणाशी, ते मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. आपण पेपर वाचतो, मागे ते चालू असतं. तिकडे ते नव्हतं. घर उबदार, काचा बंद, दोघं कामावर गेलेली, आणि कुठूनही काही ऐकू येत नाही. पहाटे जाग यायची ती आवाजाने नव्हे, आवाज नाही म्हणून. खिडकीशी उभं राहून बर्फाकडे बघायचं आणि इथे आपल्या अमडापुरात आत्ता काय चाललं असेल ते मनात जुळवत बसायचं. बाजाराचा दिवस असेल. शेजारची भिंतीवरून हाक मारून विचारत असेल, अंबाडी आणली का म्हणून. सुमन कोणाला तरी रागावत असेल. मला रागवायला मी तिथे नव्हतो.

प्रशांत रोज कामावरून आला की विचारायचा, "करमतंय ना बाबा?"

"उत्तम," मी म्हणायचो.

पीठ शोधत हिंडणाऱ्या मुलाला दुसरं काय सांगायचं? परतीचं तिकीट हिवाळा संपल्यावरचं होतं. तेवढं थांबणं माझ्याने होणार नव्हतं, आणि पोराला दुखवणंही होणार नव्हतं. शेवटी ठरवलं, गुपचूप आपल्याच पैशाने तिकीट अलीकडे आणायचं आणि मग सांगायचं, पेन्शनचं काहीतरी काम निघालं.

प्रशांतने दिलेल्या फोनमध्ये मी कुठे आहे ते त्याला दिसायचं. म्हातारा हरवू नये म्हणून केलेली सोय. तो फोन मी उशीखाली ठेवला आणि स्वेटरवर स्वेटर घालून बाजाररस्त्यावरच्या तिकीट एजन्सीत गेलो. चोरासारखा. हा शब्द मी तेव्हा मनातल्या मनात सहज वापरला होता.

एजन्सी एका पंजाबी बाईंची. चष्मा नाकावर, शाल, टेबलावर थर्मास. त्यांनी आपुलकीने तारीख काढून दिली, वरचा फरक सांगितला. मी ऐटीत कार्ड पुढे केलं.

"अंकलजी, नहीं ले रहा."

कार्ड शर्टाला पुसलं. पुन्हा दिलं.

"ना जी."

दुसरं कार्ड काढलं. तेही त्याच बँकेचं, त्याच दिवशी, त्याच हुशारीने बंद केलेलं. बाहेर पाणी गोठत होतं आणि मला घाम फुटला होता. तेव्हा कुठे आठवलं.

"कोई बात नहीं," बाई म्हणाल्या. "बैंक की साइट पे चालू कर लो. ओटीपी आएगा."

ओटीपी येणार होता. अमडापूरला.

त्यांच्याच कॉम्प्युटरवर साइट उघडून ओटीपी मागवला आणि त्यांनी आपला फोन पुढे केला. अमडापुरात तेव्हा संध्याकाळ होती, सुमन जागीच असणार. नंबर लावला.

"हालो. कोन?"

"मी बोलतोय."

"मी कोन?"

"अगं मी. हा दुसऱ्यांचा फोन आहे. आत्ता एक ओटीपी आला असेल बघ..."

फोन बंद.

खोटं कशाला बोलू, आधी मला अभिमान वाटला. सगळ्या नोकरीत इतकं मनापासून ऐकणारी विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. पुन्हा लावला.

"ठेवू नकोस. काहीही विचार मला. मीच आहे हे सिद्ध करतो."

"सांगा मंग. माह्यं माहेर कोनतं?"

"जानेफळ."

"ते तं साऱ्या गावाले मालूम हाये."

"मग गावाला माहीत नाही असं विचार."

तिने जरा विचार केला. "आमच्या सरांच्या पाठीवर तीळ कोठी हाये?"

आता मला सांगा, तुमच्यापैकी कोणी स्वतःची पाठ पाहिली आहे का? मी अंदाजाने ठोकून दिलं, "उजव्या खांद्याखाली."

"तीळच नाही हाये."

"अगं, मग विचारलंस कशाला?"

"चोराले पकडाले. तुरीची दाळ कोन्या डब्यात असते?"

"स्टीलच्या."

"सारे डबे स्टीलचेच हायेत."

"अंकलजी, टाइम निकल गया," पंजाबी बाई मध्येच म्हणाल्या. "दुबारा भेजूँ?"

"तिथं बाई बी हाये वाटते," सुमन म्हणाली. "टोळी हाये तुमची."

बघा कसं असतं. बरोबर उत्तर दिलं तर चोराने चौकशी करून ठेवली आहे, चुकलं तर चोर आहेच. आणि माझा घोळ असा, की मलाच थोडं वाटायला लागलं, हिचं खरं असेल तर? इतकी वर्षं एका घरात राहून डाळीचा डबा ज्याला माहीत नाही, तो त्या घरचा माणूस कशावरून?

मग मी वेगळी युक्ती काढली. तिच्याच बोलीत बोललो. "अवं, मी काऊन खोटं बोलीन? मीच बोलून राह्यलो ना."

"पाह्यलं? आमचे सर माह्यासंगं असे बोलतच नाहीत. पुस्तकावानी बोलतेत."

इथे माझा धीर सुटला. समोर परकी बाई बसलेली, पण तिला मराठी येत नव्हतं, आणि माझ्याजवळ दुसरा कोणताच पुरावा उरला नव्हता.

"सुमन," मी म्हणालो, "मला इथे करमत नाही गं. सगळं आहे इथे, पण मला घरी यायचंय. तुझी फार आठवण येते."

तिकडे मागे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. मग फोन ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू ठेवल्याचा.

पंजाबी बाईंनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि थर्मासमधला चहा ओतला.

मला वाटलं, विरघळली. आता तीच फोन करेल, आकडे सांगेल. मी चहा पीत वाट पाहत बसलो. फोन काही वाजला नाही. शेवटी बाईंनी पुन्हा एकदा मशीनला विचारलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अंकलजी, अब तो कार्ड ही ब्लॉक हो गया. किसी ने रिपोर्ट कर दिया."

फ्रिजवरचा नंबर. मीच ठळक अक्षरांत लिहिलेला.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा प्रशांत म्हणाला, "बाबा, आज आईला फ्रॉड कॉल आला होता. इथल्याच नंबरवरून, हुबेहूब तुमच्या आवाजात. तुम्ही तिला शिकवून ठेवलं होतं म्हणून वाचली."

"हो का," मी भाकरीकडे बघत म्हणालो.

"तिने लगेच तक्रारही केली. पण तिचा आवाज जड वाटला मला. मी विचारलं, इतका तुमच्यासारखा आवाज होता तर ओळखलंस कसं? तर म्हणाली, बाकी सारं जमलं होतं त्याले. शेवटी म्हने का तुझी आठवण येते. तवाच समजलं का हा मानूस आपला नाही."

सून खुदकन हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली.

"काय नीच लोक असतात," प्रशांत म्हणाला. "एकट्या बाईला गाठून असलं काहीतरी बोलायचं."

"नीच नसेल तो," मी म्हणालो.

"चोराची बाजू घेताय तुम्ही?"

"तो मी होतो."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच सांगितलं. एजन्सी, उशीखालचा फोन, पेन्शनचं नसलेलं काम. प्रशांतने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी संपवलं तरी तो ताटातली चटणी बोटाने सारखी करत होता.

"मी रोज विचारत होतो बाबा. तुम्ही रोज उत्तम म्हणत होता."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मी कॅनडात आल्यापासून दर रविवारी फोनवर तुम्हांला काय सांगायचो?"

मी आठवून पाहिलं. "उत्तम," मी म्हणालो.

"मग," तो म्हणाला, आणि उठून त्याने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तिकीट त्यानेच काढलं, जागच्या जागी. त्याच्या कार्डाला कोणी तीळ विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला व्हिडिओवर घेतलं. "आई, चोर सापडला," म्हणाला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

सुमनने चष्मा लावून मला नीट पाहून घेतलं. "तुमी होते?"

"हो."

"तीळ बी तुमीच सांगतला?"

"हो."

"आन् शेवटी जे बोलले ते?"

प्रशांत आणि सून दोघंही तिथून हलायला तयार नव्हते. त्या एजन्सीत जे सहज तोंडून निघालं होतं, ते आता दातांमागे अडकून बसलं. मी खाकरलो आणि विचारलं, "तिकडे थंडी पडली का?"

"हाव, पडली," सुमन म्हणाली. मग प्रशांतला म्हणाली, "हे सरच हायेत रे. ओळखू आले आता."

तर मंडळी, घरी येऊन मला आता बरेच दिवस झाले. सकाळी ती स्वयंपाकघरात बोलत असते आणि मी पेपर समोर धरून, पान न उलटता, ऐकत असतो. कुकरशी बोलते तेव्हा जास्त प्रेमाने बोलते असं माझं निरीक्षण आहे.

परवा तिचा फोन मागितला, कोणाचा तरी नंबर हवा होता. शोधता शोधता त्या पंजाबी बाईंचा नंबर दिसला. नाव घातलं होतं 'चोर'.

"हा अजून ठेवलास कशाला?" मी म्हणालो. "पुसून टाकतो."

"राहू द्या," ती पीठ चाळता चाळता म्हणाली. "तुमच्यापेक्षा बोलाले बरा होता तो."