इंजिनाला पाजलेलं करडईचं तेल

सकाळी पुतन्याचा नवा टर्बोचा ट्रॅक्टर दारात थांबला, आन् तापल्या तेलाचा वास घरात आला. मला आमची धारूरची हीर आठवली.

हीर खोदताना मालकाचा पाय तळाला दगडाखाली अडकलाता. दीर पहारीनं दगड हलवीत व्हता. झऱ्याचं पानी चढत व्हतं, अन् ते उपसनाऱ्या इंजिनाची तेलाची नळी तुटली. मग मीच काठावर बसून वाटीनं इंजिनात तेल सोडाय लागले. डब्यातलं तेल सरलं.

दीर खालून वरडला, "वयनी, दादाच्या छातीला पानी लागलं! इंजिन बंद पडू देऊ नगा!"

मी खोपीतनं सालभराच्या करडईच्या तेलाचा डबा आनला. इंजिनाला तळनाचा वास सुटला. हात भाजले, पर धार तुटू दिली न्हाई.

शेवटी दगड सरकला, मालक वर आले अन् थोड्या येळानं इंजिन जाम झालं. रहीम मिस्त्रीनं उघडून बघितलं. "वयनी, ह्यात भजी तळली का काय?"

मालक म्हनले, "तळू दे. मी हाय ना खायाला."

सालभर आमच्यात बिनफोडनीचं कालवन शिजलं. मालकानं एकदा बी ताट सरकवलं न्हाई.